हौद्याला आणि गाडीच्या तळाला कोटिंग: दुकानात करून घ्यावं की घरी मारावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या काउंटरवर रोज विचारले जाणारे हे प्रश्न. आम्ही कोटिंगचे डबे विकतो आणि मशीननं मारूनही देतो. तुम्ही काहीही निवडलंत तरी गल्ल्यात पैसे येणारच, त्यामुळे कुणा एकाची बाजू घ्यायचं कारण नाही.

कोटिंग, कोटिंग म्हणतात ते नेमकं कशाचं?

चार वेगळ्या कामांना सरसकट एकच नाव पडलंय. गाडीच्या पोटाला, म्हणजे चासीला आणि चाकांच्या कमानींना मारतात ते डांबर किंवा रबर मिसळलेलं काळं अंडरबॉडी कोटिंग. चासीच्या पोकळ पेट्यांत आणि दाराखालच्या उंबऱ्यात लांब नळीनं सोडतात ते मेण. टेम्पो-पिकअपच्या हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागात मारतात ते पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया. हात फिरवला की खरखरीत लागतं आणि मार सोसतं. केबिनमध्ये मॅटखालच्या पत्र्याला मारतात ते चौथं, गंज आणि आवाज दोन्ही कमी करायला.

म्हणून फोनवर कुणी "कोटिंगचा रेट काय?" विचारलं की आम्ही उलट विचारतो, "गाडी कोणती आणि तिच्यात भरता काय?" याचं उत्तर न ऐकताच जो रेट सांगतो, त्याच्याकडे जाऊ नका.

नवी कार घेतली. शोरूमवाले म्हणतात अंडरबॉडी करूनच न्या. करू का?

कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहानं तिच्यावर थर बसवतात. सांध्यांवर सीलंट असतं, पोटाला बऱ्याच ठिकाणी पीव्हीसीचा थरही असतो. शहरात आणि हायवेवर फिरणाऱ्या कारला पहिल्याच दिवशी त्यावर आणखी काही मारायची घाई नको. पण आंबा घाट उतरून रत्नागिरी किंवा गगनबावड्यावरून मालवण अशी तुमची नेहमीची ये-जा असेल, किंवा गाडी पावसाळाभर उघड्यावर चिखलात उभी राहणार असेल, तर करून घ्या. आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून गंजाच्या वॉरंटीचं पान वाचा, आणि बाहेरचा दर विचारल्याशिवाय शोरूमच्या कागदावर सही करू नका.

पिकअपच्या हौद्याचं मात्र असं नाही. तिथं कंपनीचा नुसता रंग असतो. विटांची पहिली खेप उतरली की तो गेला. हौद्याला करायचंच असेल तर पत्रा कोरा असतानाच करा.

दुकानात मशीननं मारलेलं आणि घरी रोलरनं मारलेलं, फरक कितीसा पडतो?

मुख्य फरक जाडीचा. मशीनमध्ये दोन ड्रम असतात, एकात रेझिन आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही साधारण ६०-७० अंशांपर्यंत तापवून २००० पीएसआयच्या आसपासच्या दाबानं गनच्या तोंडाशी एकत्र येतात, आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांत आळतात. त्यामुळे उभ्या फाळक्यावरसुद्धा ओघळ न येता एका दमात दोन-तीन मिमी जाडी चढवता येते. घरच्या डब्यात तसं होत नाही. त्यातलं थिनर उडून जातं आणि मागे पातळ थर राहतो; मग दुसरा हात, तिसरा हात.

हिशेब करूनच बघा. छोटा हत्तीचा हौदा धरा साधारण ७ फूट बाय ५ फूट, कडा एक फूट उंच. तळ ३५ चौरस फूट आणि चारी कडा मिळून २४, म्हणजे ५९ चौरस फूट, साडेपाच चौरस मीटरच्या जवळपास. एका चौरस मीटरवर १ लिटर सुकलेला माल बसला की थर बरोबर १ मिमीचा होतो. २ मिमी जाडी हवी असेल तर सुकलेला माल ११ लिटर लागेल. डब्यातला निम्मा भाग उडून जाणारा असेल तर डबे २२ लिटरचे लागतील. चार लिटरच्या डब्यात हा हौदा रंगवलात तर मागे उरतं दोन लिटर, म्हणजे एक तृतीयांश मिमीच्या थोडं वर. डब्यावर भारदस्त ट्रकचं चित्र असलं तरी हा हिशेब बदलत नाही.

एवढा पातळ थर अगदीच वाया जातो असं नाही. पाणी आणि ओल अडवायला तो पुरतो. भाजीच्या क्रेट, दुधाचे कॅन, कपड्यांचे गठ्ठे एवढंच वाहायचं असेल तर तेवढ्यानं भागतं. पण शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग वरून टाकलं तर तो एका दणक्यात फुटतो, आणि फुटल्या जागी पाणी आत शिरतं.

म्हणजे घरी मारलेलं टिकतच नाही?

टिकतं. आणि दुकानात मारलेलंही पापडासारखं निघतं. दोन्हीकडे कारण एकच: खालचा पत्रा नीट तयार केलेला नव्हता. डब्याच्या किमतीवर ग्राहक अर्धा तास घासाघीस करतात, घासण्याबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत. खरं काम तिथंच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी हौदा धुवायचा. नुसतं प्रेशरचं पाणी मारून ग्रीस जात नाही. डिग्रीझर लावा, ब्रश फिरवा, मग भरपूर पाणी. कोपऱ्यात आणि फाळक्याच्या बिजागरीपाशी गुळाची, पेंडेची, शेणाची वाळलेली पुटं बसलेली असतात. ती पत्र्याच्या पट्टीनं खरवडावी लागतात. मग साध्या पाण्याचा शिंतोडा मारून बघा. पाण्याचे गोल थेंब उभे राहिले तर तेलकटपणा बाकी आहे, परत धुवा. पाणी सगळीकडे सारखं पसरून ओली चादर झाली की पत्रा स्वच्छ झाला.

यानंतर ८० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर. कंपनीचा चकचकीत रंग पूर्ण काढायचा नाही, त्याची चमक मारायची. प्रकाश तिरका धरून बघितलं की चमकणारे पट्टे दिसतात, आणि कोटिंग पहिल्यांदा सुटणार ते त्याच पट्ट्यांवरून. तळ सपाट असेल तर काम पटकन होतं. पन्हाळीदार पत्र्याच्या खाचांत मात्र घासायचं मशीन जात नाही, तिथं पेपर बोटानं दाबूनच घासावा लागतो. पत्रा उघडा पडला असेल त्या जागी प्रायमर. ॲल्युमिनियमच्या बॉडीला एच (etch) प्रायमर, साधा रेड ऑक्साइड तिथं धरत नाही. शेवटी धूळ पुसून, पाणी निघायच्या भोकांना टेप लावून मगच डबा फोडायचा.

एवढं सगळं स्वतः करायची तुमची तयारी असेल तर घरचं काम दुकानातल्या घाईच्या कामापेक्षा चांगलं होतं, हे मी दुकानदार असून सांगतो. तयारी नसेल तर डबा नेऊ नका.

सरळ सांगा, कुणी कुठं करावं?

कास्टिंग, वीट, खडी, भंगार, गॅस सिलिंडर असला आदळआपट करणारा माल असेल तर मशीन. खत आणि मासळी वाहत असाल तरीही मशीन, कारण तिथं एक टाचणीएवढं भोक राहिलं तरी महागात पडतं. कारचं पोट दुकानातच, आणि तेही रॅम्पवर. जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपून हे काम करायचं नाही, जीव जाईल. ओम्नीचा किंवा जुन्या जीपचा केबिनमधला पत्रा, शेतातली ट्रॉली, दुधाचा टेम्पो, आणि मशीनच्या थरावरची बारीकसारीक दुरुस्ती हे घरी जमतं.

मधला मार्गही आहे, पण फार कुणी विचारत नाही: घासणं-धुणं तुम्ही करा, मारायला फक्त दुकानात आणा. काही दुकानदार याला तयार होत नाहीत, कारण उद्या थर सुटला तर दोष कुणाचा हा वाद नको असतो. आम्ही पत्रा बघून ठरवतो.

दुकान चांगलं की वाईट, कसं ओळखायचं?

एकच अट घाला: "घासून झालं की मारण्याआधी मला बोलवा." नाही म्हणाला तर गाडी काढून घ्या. गंजावर, चिखलावर, ग्रीसवर थेट मारलं तरी वरून सगळं सारखंच काळं दिसतं, मागाहून काही कळत नाही.

मारून झाल्यावर जाडी मोजायचं छोटं मीटर लावून पाच-सहा ठिकाणी आकडे बघा. कोपरे आणि चाकाच्या उंचवट्याच्या बाजू इथं हात आखडता घेतलेला असतो. कोपऱ्यात न दिसणाऱ्या जागी ब्लेडनं फुलीसारखी चीर पाडा, घट्ट चिकटणारी टेप लावून झटक्यात ओढा. टेपसोबत तुकडा आला तर पकड नाही. आणि बिल पक्कं घ्या, त्यावर मालाचं नाव आणि जाडी लिहून.

कोणत्या महिन्यात करावं?

एप्रिल-मे. ऊस वाहणाऱ्यांचा हंगाम संपलेला असतो, गाडी चार दिवस उभी करायला परवडते, आणि पावसाआधी थर पूर्ण पिकतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरी करायचा विचारच सोडा. हार्डनरमधलं आयसोसायनेट हवेतल्या ओलीशी जुळलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, थरात फुगे येतात, फुगे फुटून भोकं पडतात. हवेत ८५ टक्क्यांच्या वर दमटपणा असेल तर मारू नका असं बहुतेक डब्यांवर लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडचा जुलै त्याच्या खाली क्वचितच येतो.

थंडीतही चालतं, पण सकाळी लवकर नको. पत्रा रात्रभर गार झालेला असतो, वर दव धरलेलं असतं, आणि ते काळ्या हौद्यात दिसत नाही. ऊन चढू द्या, पत्र्याला हाताची पाठ लावून बघा.

दसऱ्याच्या आधी मात्र दुकानात येऊ नका, ही आमचीच विनंती. खंडेनवमीला गाडी चकाचक पूजेला उभी राहावी म्हणून सगळे एकाच आठवड्यात येतात. त्या गर्दीत कुणाच्याच गाडीचं घासणं मनासारखं होत नाही, आमच्याकडेसुद्धा.

गंज धरलाय. वरून कोटिंग मारलं तर थांबेल ना?

थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. गंजाच्या पापुद्र्यात ओल आणि क्षार अडकलेले असतात; वर जाड थर बसला की ते बाहेर पडत नाहीत आणि पत्रा आतून खातच राहतात.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक. आवाज बद्द आला तिथं टोक टेकवून दाबा. आत गेलं तर तो तुकडा कापून नवा पत्रा जोडल्याशिवाय गत्यंतर नाही. वरवरचा गंज असेल तर ग्राइंडरला कप ब्रश किंवा फ्लॅप डिस्क लावून चांदी दिसेपर्यंत घासा. खड्ड्यात राहिलेल्या लाल ठिपक्यांना रस्ट कन्व्हर्टर. तो फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिडचा असतो, गंजाला काळं करून बसवतो. फॉस्फोरिकवाला लावल्यावर उरलेलं ॲसिड धुवून पत्रा पुरता सुकवा, नाहीतर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही. लांबी (पुट्टी) भरून खड्डे बुजवायच्या भानगडीत हौद्यात पडू नका. पहिल्याच खेपेला निघते.

आमच्या टेम्पोत मीठ-खत असतं. पाण्यापेक्षा ते वाईट का?

फारच. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की आपोआप पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. म्हणजे पावसाळ्यात गाडीवर पाण्याचा थेंब पडला नाही तरी मिठाची जागा ओलीच राहते. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर बऱ्यापैकी कोरड्या हवेतूनही ओल ओढतं; म्हणून मालवणहून मासळी आणणाऱ्या गाड्यांचे मागचे फाळके आधी जातात, बर्फाचं खारं पाणी तिथूनच गळतं. नेहमीचं पोटॅश खत (एमओपी) म्हणजेही क्लोराइडच. फुटक्या पोत्यातलं खत खाचेत सांडतं, दिसायला पांढरी पूड दिसते, चार महिन्यांत खाली लाल चट्टा उठतो.

दर खेपेनंतर हौदा साध्या पाण्यानं धुवा, फाळका उघडून उतारावर लावा. कोटिंग असलं तरी.

कोटिंगऐवजी चेकर प्लेट किंवा रबर मॅट टाकली तर?

मॅट चांगली, पण ती उचलून वाळवणारा माणूस पाहिजे. मॅटखाली पाणी साचून राहिलं तर मॅट नसलेली परवडली. चेकर प्लेटचंही तेच: तिच्या खाली काय चाललंय ते कधी दिसत नाही. ॲल्युमिनियमची प्लेट थेट लोखंडी पत्र्यावर ठोकली आणि मधे ओल शिरली तर दोन धातूंच्या भांडणात एक झिजतोच. जड मालाला माझी पसंती अशी: आधी कोटिंग, वर सुटी मॅट, आणि महिन्यातून एकदा मॅट उन्हात.

कुठं कोटिंग मारू नये?

सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर, प्रोपेलर शाफ्ट, रबरी बुश, स्टेपनीच्या साखळीचे आटे. सायलेन्सरवर उडालेलं डांबर तापून वास मारतं, पेटूही शकतं. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला आणि नारंगी केबलला हात लावू नका. सीएनजीची टाकी, व्हॉल्व्ह आणि पाइप मोकळे ठेवा. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी होते, तिच्यावरचे आकडे वाचता आले पाहिजेत.

चासी नंबर तर विसरूच नका. त्यावर आधी ग्रीसचं बोट आणि वर टेप. पासिंगला साहेब नंबर घासून बघतात, आणि त्यावर तीन मिमी पॉलियुरिया बसलेला असला की सगळा दिवस तासण्यात जातो.

पाणी निघायची भोकंही बुजता कामा नयेत. काम झाल्यावर टेप काढली का, हे स्वतः बघा.

गाडी महापुरात बुडाली होती. आता कोटिंग केलं तर चालेल?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत सगळीकडून आला, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून धोक्याच्या ४३ फुटांकडे निघाली की अजूनही फोन वाजतात. उत्तर: लगेच नको. पुराच्या पाण्यासोबत बारीक गाळ उंबऱ्यांत आणि चासीच्या पेट्यांत शिरतो आणि तिथं महिनोन् महिने ओल धरून बसतो. आधी सीट आणि मॅट काढा, मॅटखालचा फोम फेकून द्या, भोकांतून पाण्याची नळी घालून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुवा, कडक उन्हात आठवडाभर वाळवा. मग पोकळ्यांत मेण, उघड्या पत्र्याला प्रायमर, आणि बाकी सगळं त्यानंतर. विम्याचा क्लेम चालू असेल तर सर्व्हेअरची पाहणी होईपर्यंत कशालाच हात लावू नका.

घरी मारताना धोका काय?

हार्डनरवाल्या डब्यात आयसोसायनेट असतं. ते श्वासात जात राहिलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीरानं धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानंही छाती भरते. रुमाल किंवा कापडी मास्क याला काही उपयोगाचे नाहीत. कमीत कमी ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज मास्क, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. घरी स्प्रे गन टाळा, रोलर आणि ब्रश वापरा; हवेत तुषार उडत नाहीत. बंद गॅरेजमध्ये नको, शेजारी चूल, गीझर किंवा वेल्डिंग चालू असेल तर नकोच नको. बिडी ओढत रंग मारणारे मिस्त्री आम्ही पाहिलेत. थिनरची वाफ मिस्त्रीचा अनुभव विचारत नाही.

कोटिंग झाल्यावर बॉडीला वेल्डिंग करायचं निघालं तर?

सगळं वेल्डिंग आधी उरकून घ्या: हुक, कडी, जाळी, काय बसवायचं ते. जळणाऱ्या पॉलियुरेथेनमधून विषारी धूर निघतो. नंतर करावंच लागलं तर वेल्डच्या चारी बाजूंनी थर चांगला रुंद तासून काढा, पत्र्याची उलटी बाजूही बघा, काम उघड्यावर करा, आणि झाल्यावर तेवढा भाग घासून, प्रायमर लावून पुन्हा मारा.

माल कधी भरायचा?

मशीनवालं दुसऱ्या दिवशी हलक्या मालाला चालतं. घरच्या डब्याला २४ तास तरी काही ठेवू नका आणि जड माल आठवडाभर नको. कॅन, भाजी, गुळाचे रवे असलं खाण्याचं काही भरायचं असेल तर वास पूर्ण गेल्याशिवाय नाही, आणि तरीही खाली ताडपत्री.

वर्षभरात काळ्याचं पांढुरकं झालं. फसवलं का?

नाही. स्वस्तातलं ॲरोमॅटिक पॉलियुरेथेन उन्हानं फिकट पडतं, वर खडूसारखी भुकटी येते. ताकद फारशी कमी होत नाही. रंग टिकायलाच हवा असेल तर ॲलिफॅटिक टॉपकोट मागा, तो महाग पडतो. माल वाहणाऱ्या हौद्याला त्याची गरज नाही.

सेकंड हँड एमएच ०९ गाडी बघितली, खालून एकदम नवीकोरी काळी आहे. घेऊ का?

विकायच्या तोंडावर मारलेलं कोटिंग म्हणजे संशयाला जागा. ठोकून बघा, उंबरा आतल्या बाजूनं चाचपा, आणि कोटिंग मारण्याआधीचे फोटो मागा. फोटो नसतील तर तुमच्या ओळखीचा मिस्त्री घेऊन रॅम्पवर चला म्हणा. मालक टाळाटाळ करायला लागला तर दुसरी गाडी बघा.

"पाच वर्षं वॉरंटी" म्हणतात, त्यात काय येतं?

बहुधा फक्त थर सुटणं. आतून गंज येणं, मालाच्या दणक्यानं फाटणं, वेल्डिंगनं जळणं हे त्यात नसतं. लेखी मागा, आणि दर वर्षी तपासणीला आणायची अट आहे का तेही वाचा.

डब्यात माल उरला. ठेवला तर पुढच्या वर्षी चालेल?

हार्डनर मिसळलेला असेल तर नाही, आणि त्याचं झाकण घट्ट लावूनही ठेवू नका. सुटा हार्डनर असेल तर त्याला ओल लागलेली नसली पाहिजे. ओल शिरलेल्या बंद डब्यात वायू साठतो, झाकण फुगतं, डबा फुटूही शकतो. झाकण फुगलेलं दिसलं तर तो डबा घरात ठेवू नका, उघडायलाही जाऊ नका. आधी आम्हाला फोन करा. नुसतं रेझिन मात्र सावलीत, झाकण पक्कं बंद करून, डब्यावरच्या तारखेपर्यंत चालतं. त्याचा हार्डनर आमच्याकडे सुटाही मिळतो, फक्त जुन्या डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून आणा.